बारा व्होल्ट

मंडईमागच्या माशांच्या दुकानात
पोरगा विचारत राहिला,
"मॅडम, टाकी केवढी? गोल्डफिश की गप्पी?"
कॉम्प्युटरसाठी हवाय पंप, म्हटलं.
गिऱ्हाईक खुळं निघाल्यासारखं बघत
त्यानं पिशवीला गाठ मारली.

रेडिएटर जुन्या बाजारातला, रविवारचा,
मोडीत निघालेल्या कुठल्याशा व्हॅनच्या हीटरचा.
पुण्यात हीटर लावतंय कोण,
तेव्हा आतून नवाच, असं इसाकभाईंचं म्हणणं.
घरी उलटा धरला तर चहाच्या रंगाचं पाणी निघालं
आणि एक मुंगळा.

धुतला. व्हिनेगर, गरम पाणी, पुन्हा व्हिनेगर.
धनकवडीत आमच्याकडे पाणी दिवसाआड;
त्यातल्या दीड बादलीचा हिशेब
आईनं अजून मिटवलेला नाही.
शेवटचं पाणी मात्र बॅटरीवाल्याकडचं,
ज्यात काहीच नसतं,
क्षार नाही, चव नाही, नळाची वेळ नाही.

हे सगळं कशासाठी, तर
अंध मुलांसाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते,
आणि पानिपतापासून प्रकाशसंश्लेषणापर्यंत
प्रत्येक वाक्याखाली
माझ्या कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येतो.

आप्पा खुर्ची ओढून बसले.
भोसरीत प्रेसशॉपला एकतीस वर्षं.
मदरबोर्ड त्यांना कळत नाही, नळी कळते.
"क्लिप एवढी आवळू नको, रबर चिरतं.
थोडं रडू दे आधी,
मग समजतं कुठं आवळायचं ते."
पंप घरघरला. मी घाबरले.
"हवा धरलीय," म्हणाले,
कानानं नव्हे, नळीवर ठेवलेल्या बोटानं ओळखून.
मग डबा तिरका करून, तान्ह्याची ढेकर काढावी तसा
थोपटत राहिले
बुडबुडे संपेपर्यंत.

चोवीस तास नुसतं पाणी फिरवायचं,
बाकी कशाला वीज द्यायची नाही.
प्रत्येक जोडाखाली टिश्यूची घडी.
रात्री टॉर्च घेऊन तीनदा उठले;
तिसऱ्यांदा आप्पा तिथंच,
अंधारात टिश्यू चाचपत.
"कोरडं आहे. तू झोप."
आणि तुम्ही?
"मी कुठं झोपतो."
मला वाटलं, काळजीनं म्हणताहेत.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं
आणि दिवा लागला म्हणून कळलं की चालू झालाय.
मग घर ऐकू यायला लागलं:
फ्रिज, कॅलेंडरचं पान,
खालच्या मजल्यावर कुणीतरी लसूण ठेचत होतं.
आप्पांनी पेटीला कान लावला.
"बंद केलास?"
चालू आहे.
"अस्सं."
जरा वेळानं, माझ्याकडे न बघता,
"माझी काही बंद होत नाही."

काय?

"शीळ. डाव्या कानात. रिटायर झाल्यापासून.
भिंतीपलीकडनं तुझा तो पंखा घुमायचा ना रात्रभर,
त्यात जरा बुडायची."

एवढंच. मग उठून गेले, चप्पल घातली,
कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला.

कचऱ्याच्या डब्यात हात घातला.
चहाची पूड झटकली, एक पातं किंचित तुटलेलं.
लाल तार, काळी तार, जुन्या राउटरचा अडॅप्टर,
बारा व्होल्ट. सोल्डरिंगला पाच मिनिटं.
पाठ्यपुस्तकाच्या जुन्या प्रतीवर उभा करून
त्यांच्या उशाशी ठेवला.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
आईनं तेवढं विचारलं,
"हा कसला पंखा? वारा तर येत नाही."

रात्री अकराला दार लावून माइक सुरू केला.
दहावी, भूगोल, पान त्रेचाळीस, पर्जन्यमान.
आता हेडफोन लावून ऐकतेय:
माझा आवाज स्वच्छ, पूर्णविरामांनंतर काहीच नाही,
आणि तिसऱ्या परिच्छेदापासून
भिंतीपलीकडे आप्पा घोरताहेत.

अख्खं पान
उद्या पुन्हा वाचावं लागणार.